गिटेन्स मास्तरांचं पुस्तकी बोलणं

कटबर्ट गिटेन्स मास्तरांना भालाफेकीतलं सगळं कळतं, असा मॉर्न बेल गावाचा समज होता आणि मास्तरांनीही तो कधी खोडून काढला नव्हता. खरं तर ते शाळेत गणित शिकवायचे. बाप कोळी, आजा कोळी; ह्यांना मात्र होडीत पाय ठेवला की ओकारी यायची, म्हणून शाळेत गेले ते शाळेतच राहिले. त्रिनिदादच्या त्या टोकाला पोरं खडकांवरून बांबू फेकायच्या पैजा लावतात. त्यातलीच चार-सहा हाताशी धरून मास्तरांनी त्यांच्या हातात भाला दिला.

शिकवताना ते हातापायाचं नावच घ्यायचे नाहीत. "फेसाच्या पलीकडे टाक," एवढंच म्हणायचे. गळाची दोरी लाटेच्या फेसात पडली तर हात हलवत परत, पलीकडे पडली तर मासा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भाला उगाच आभाळात चढायला लागला की म्हणायचे, "वाऱ्याच्या पोटाखालून घाल." तेवढ्यावर भाला जायचा. जेनेल लेझामा ह्या पोरीचा तर चव्वेचाळीस मीटर जायचा. तिचा बाप बॉइसी होडीवर जाळं विणता विणता म्हणायचा, मास्तर आमचंच बोलणं आमच्याच पोरीला ऐकवतात आणि वर सर म्हणवून घेतात.

दोन वर्षांपूर्वी मास्तर पोर्ट ऑफ स्पेनला प्रशिक्षकांच्या शिबिराला गेले होते. तुम्ही कसं शिकवता, असं विचारल्यावर त्यांनी भाबडेपणाने फेस आणि वारा सांगितला. शिकवणारा तरुण म्हणाला, "अंकल, आपण इथे मासे धरायला जमलोय का?" सगळे हसले. मास्तरही हसले, तेच त्यांना पुढे जास्त टोचलं. शिबिरात एक पुस्तिका मिळाली. तिच्यात कोपर, कंबर, गुडघा, सगळं आकड्यांनिशी होतं. मास्तरांनी ती तोंडपाठ केली आणि गावात कधी वापरली नाही, कारण गरजच पडली नाही.

ईस्टरला बेटाबेटांच्या स्पर्धा असतात. सतरा वर्षांखालच्या संघात जायचं तर निवडीच्या दिवशी बेचाळीस मीटर हवे होते, आणि त्या गटात जेनेलचं हे शेवटचं वर्ष होतं. राजधानीच्या मैदानावर पोचले तर निवडीच्या टेबलाशी नेमका तोच तरुण बसलेला.

पहिल्या फेकीआधी जेनेल नेहमीसारखी कुंपणाकडे वळली. मास्तरांचे शब्द कानावर पडल्याशिवाय ती धावायची नाही. मास्तरांनी तोंड उघडलं. तो तरुण त्यांच्याकडेच बघत होता. मास्तर म्हणाले, "जेनेल, कोपर कानाच्या वर ठेव. आधी कंबर, मग हात."

कुणी परक्याने हाक मारावी तशी ती बघत राहिली. मग धावली, तीही आपल्याच कोपराकडे डोळा ठेवून. अडतीस. तिथे तरी माणसाने शहाणं व्हावं. पण मास्तरांनी डावा गुडघा ताठ ठेवायलाही सांगितलं. छत्तीस. तिसऱ्या वेळी भाला शेपटीवर पडला आणि लाल झेंडा वर गेला; ही शेवटची फेकही बाद, संघातली जागाही गेली.

निघताना त्या तरुणाने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "अंकल, तुमची भाषा किती सुधारली. पोरीलाच जमलं नाही बघा."

मास्तर त्याला "थँक यू" म्हणाले. जेनेल दोन पावलांवर उभी होती.

चार दिवस मास्तर किनाऱ्याकडे फिरकले नाहीत. शाळेतून घरी जायला लांबचा रस्ता धरला. बॉइसी समोर आला तर त्याला काय तोंड दाखवायचं, ह्याचीच धास्ती. पाचव्या दिवशी संध्याकाळी मन घट्ट करून खडकांवर गेले. जेनेल एकटीच होती. उजव्या हातात बांबू धरून डाव्या हाताने ती स्वतःचं कोपर कानापर्यंत ढकलत होती. खाली येऊ द्यायची, पुन्हा ढकलायची.

"सर, माझं कोपरच खाली राहतं," ती म्हणाली. "म्हणून गेलं सगळं. तुम्ही सांगत होतात, माझ्याच डोक्यात शिरत नव्हतं."

मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

"तुझ्या कोपराला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "ते आधीपासून चांगलंच होतं. त्या माणसापुढे आपलं बोलणं बोलायची मला लाज वाटली. म्हणून मी पुस्तकातलं बोललो. तुझी जागा माझ्यामुळे गेली, पोरी."

 ती रागावली असती तर मास्तरांना सोसलं असतं. तिने नुसता बांबू उचलला आणि सवयीने त्यांच्याकडे बघितलं.

"फेसाच्या पलीकडे टाक," मास्तर म्हणाले.

जेनेल धावली आणि तिने फेकला. बांबू कुठे पडला ते तिने पाहिलंच नाही. हात तसाच हवेत धरून ती मास्तरांकडे वळली.

"आता कोपर वर होतं ना, सर?"