जुलेखा मणियारची साक्ष

कमरुद्दीन मणियार सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. शिफ्ट सुटली की वडाळा नाक्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात यायचे, हातपाय धुवायचे आणि चहाचा कप हातात यायच्या आत सुपरवायझरची नक्कल सुरू करायचे. सुपरवायझर पँट कशी वर ओढतो, मालकासमोर कसा वाकतो, मालकाची पाठ वळली की कसा ताठ होतो. आई पदर तोंडाशी धरून हसायची. जुलेखा मात्र हसता हसता नीट बघायची, की अब्बा नेमकं कुठे थांबतात आणि हसू नेमकं कुठे फुटतं.

घरात हिंदी-उर्दू चालायची, पण कमरुद्दीननी पोरीला मराठी शाळेत घातलं. नातेवाईक कुरकुरले, तेव्हा ते म्हणाले, "उद्या बाहेर भांडायची वेळ आली तर इथल्या भाषेत भांडता आलं पाहिजे तिला."

पोरगी त्या भाषेत नुसती भांडायलाच नाही, लिहायलाही शिकली. पत्रकारितेची पदवी घेऊन शहरातल्या एका दैनिकात लागली. संपादक धनराज सर माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्यांनी तिला ईद, उर्स आणि रमजानमधल्या फळांचे भाव एवढंच सोपवलं. वर्षभर तिने ते केलं. मग एक दिवस त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, चंद्र दिसला की मी कळवत जाईन. पण त्याला वर्षातून एकदाच विचारतात. मधल्या काळात मला दुसरं काहीतरी बघू द्या." धनराज सर हसले आणि त्यांनी तिला औद्योगिक वसाहत दिली.

त्याच सुमारास सुयश नावाच्या मित्राने कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत रविवारी संध्याकाळी मराठी कॉमेडीचा कार्यक्रम सुरू केला. जुलेखा एकदा बघायला गेली, पुढच्या खेपेला माइकसमोर उभी राहिली. ओढणी खांद्यावर, हातात माइक. पहिल्या दोन वाक्यांना कुणी हसलं नाही. तिसऱ्याला मागच्या खुर्चीवरची एक बाई खुदकन हसली आणि जुलेखाला वाटलं, आपल्याला हेच करायचं होतं.

तिचा गाजलेला किस्सा भाड्याच्या फ्लॅटचा होता. इंदिरानगरातल्या एका काकूंना तिने फोन केला. काकू तिचं मराठी ऐकून हरखल्या. "इतकं स्वच्छ बोलणारं कुणी राहिलंय कुठे हल्ली! आडनाव काय गं तुझं?" "मणियार." "अगंबाई, मारवाडी का?" "नाही काकू, मुसलमान." आणि फ्लॅट त्याच क्षणी दुसऱ्या कुणालातरी गेला. पुढे ती म्हणायची, "काकूंना वाटत होतं, ही आली की पहिल्याच दिवशी देवघर उचलून गॅलरीत ठेवणार! अहो काकू, मला रविवारी गादी उचलून झाडायचा कंटाळा. मी देवघर कुठे उचलू?" यावर हमखास टाळ्या पडायच्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत इंदिरानगरातल्या काकूही असायच्या.

हे सगळं बरं चाललं होतं, तेव्हा समाधान गेला.

समाधान दिंडोरीकडचा. तिशीतला. एका कंपनीत ठेकेदाराकडे सफाईचं काम करायचा. कंपनीच्या आवारातली सांडपाण्याची टाकी तुंबली म्हणून त्याला आत उतरवलं आणि तो वर आलाच नाही. विषारी वायू होता. त्याचा जोडीदार यादव त्याला काढायला वाकला आणि चक्कर येऊन काठावरच पडला, म्हणून वाचला.

बातमी कळताच जुलेखा तिकडे पोचली. प्रेत दवाखान्यात नेलं होतं. पोलीस यायचे होते. गडबडीत गेटवर तिला कुणी अडवलं नाही. तिच्या डोळ्यांदेखत ठेकेदाराच्या माणसाने गाडीतून दोन मास्क आणले, वरचं प्लॅस्टिक टरकावून खिशात कोंबलं आणि मास्क टाकीच्या कडेला ठेवून दिले. तिने फोन वर करेपर्यंत काम झालं होतं. फोटोत आले ते फक्त टाकीशेजारी पडलेले मास्क. म्हणजे तिने काढलेला फोटो ठेकेदाराच्याच उपयोगाचा होता.

ती समाधानच्या बायकोला भेटली. नवसाबाई पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. "सकाळी म्हनलं व्हतं, नका जाऊ, अंग गरम हाय," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. यादव दवाखान्यातल्या खाटेवरून कॅमेऱ्यासमोर बोलला, की मास्क कधी दिलेच नाहीत, मागितले तर उद्यापासून येऊ नको म्हणाले. जुलेखाने सगळं लिहिलं आणि बाजू विचारायला ठेकेदाराला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही त्या कॉमेडीवाल्या ना?"

दोन दिवसांनी लोकांच्या फोनवर एक क्लिप फिरायला लागली. तिच्यात जुलेखा हसत म्हणत होती, "पहिल्याच दिवशी देवघर उचलून गॅलरीत ठेवणार!" आधीचं "काकूंना वाटत होतं" कापलेलं. पुढची गादी कापलेली. कुणी कापलं, हे तिला कधीच सिद्ध करता आलं नाही.

संध्याकाळपर्यंत तिचा नंबर, घरचा पत्ता, ओढणी सरकलेला फोटो, सगळं बाहेर आलं. फोनवर जे येत होतं ते तिने आईला वाचू दिलं नाही. पोलीस ठाण्यात तिच्याविरुद्ध अर्ज गेला. गल्लीतली मंडळीही घरी आली. त्यांचा राग वेगळाच होता. चार माणसांसमोर उभं राहून मुसलमानाची पोर दात काढते, हे त्यांना खुपत होतं. "कमरुभाई, लड़की को सँभालो," म्हणून गेले.

धनराज सरांनी तिला केबिनमध्ये बसवलं, दार लावलं.

"माफीचा व्हिडिओ टाक, जुलेखा."

"सर, पूर्ण व्हिडिओ टाकते ना. मी काय म्हणाले ते लोकांना ऐकू दे."

"पूर्ण कुणी बघत नसतं. वातावरण निवळू दे. आठवड्याभरात तुझी समाधानची बातमी पहिल्या पानावर लावतो. शब्द देतो."

ती घरी आली. भिंतीसमोर बसून फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवला. वाक्यं दोनच होती, पण ती बोलायला तिला फार वेळ लागला. माणसांना हसवताना कुठे थांबायचं हे तिला नेमकं कळायचं. इथे कुठे थांबावं ते कळेना. शेवटी हात जोडले आणि फोन बंद केला.

माफी वाऱ्यासारखी पसरली. बातमी पहिल्या पानावर आली नाही, आतल्या पानावरही नाही. आधी जाहिरातदारांचं कारण निघालं, मग वकिलांचं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा धनराज सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता तुझ्या नावाने काही छापणं कठीण आहे गं." तिने राजीनामा दिला. त्यांनी तो लगेच घेतला.

खरा तडाखा बसला तो अब्बांना. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत पोरं ती क्लिप मोठ्या आवाजात लावायची. ज्यांच्याबरोबर कमरुद्दीन वर्षानुवर्षं डबा खात आले, ते एकेक करून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायला लागले. मालक म्हणाला, "चाचा, थोडे दिवस घरी बसा." ते थोडे दिवस संपलेच नाहीत.

"अब्बा, मी चुकले का?" तिने एकदा विचारलं.

ते बोटांवरचे जुने घट्टे चोळत बसले. "जोक चांगला होता, बेटा," म्हणाले. घरात नक्कल पुन्हा झाली नाही.

जुलेखाने सुयशच्या कार्यक्रमात एकदा उभं राहून बघितलं. पहिलंच वाक्य चालू असताना मागून कुणीतरी ओरडलं, "माफी माग!" आणि लोक हसले. तिने आजवर मिळवलेल्या कुठल्याही हशाहून तो हशा मोठा होता. ती खाली उतरली. सुयश मागोमाग रस्त्यापर्यंत आला.

ठेकेदारावर निष्काळजीपणाचा खटला मात्र उभा राहिला होता. तारखांवर तारखा पडल्या. यादवला त्याच ठेकेदाराकडे मुकादमाचं काम मिळालं आणि साक्षीच्या दिवशी तो म्हणाला, मास्क दिले होते, समाधाननेच घातला नाही. दवाखान्यातला व्हिडिओ? तेव्हा मी शुद्धीत नव्हतो, साहेब. नवसाबाई बाकावरून उठून त्याच्याकडे बघत राहिली. तो खाली मान घालून निघून गेला. आता उरली फक्त जुलेखाची साक्ष.

ठेकेदाराचा वकील उलटतपासणीला उठला. आवाज अगदी गोड.

"आपण स्टेजवर जे सांगता, ते सगळं खरं असतं का?"

"सगळं नाही. किस्सा रंगवून सांगावा लागतो."

"म्हणजे थोडं खोटं."

"रंगवलेलं."

"आणि लोक त्यावर टाळ्या वाजवतात. इंदिरानगरच्या काकू खऱ्या आहेत?"

"दोन-तीन काकू मिळून एक केलीय."

कोर्टात हशा पिकला. कारकूनही हसला.

"मग मास्क ठेवणारी माणसं किती मिळून एक केलीत?"

हशा आणखी वाढला. जुलेखाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते सणसणीत होतं. त्या एका वाक्याने वकिलाची पार रया गेली असती आणि हीच सगळी माणसं तिच्या बाजूने हसली असती. तिने समोर पाहिलं. नवसाबाई पहिल्या बाकावर बसली होती. हे सगळे का हसताहेत ते न कळून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. जुलेखाने ते वाक्य गिळलं.

"एकच माणूस होता," ती म्हणाली. "मी पाहिला. प्लॅस्टिक त्याने डाव्या खिशात कोंबलं."

"फोटोत दिसतंय?"

"नाही."

"बसा."

बाहेर आवारात दोघी कडुलिंबाखाली थांबल्या. नवसाबाई म्हणाली, "ताई, ते देवघराचं काय व्हतं ओ? समदे बोलत्यात. मला कुनी पुरं सांगितलंच नाय."

जुलेखाने तिला किस्सा सांगितला. सुरुवातीपासून, काकूंच्या आवाजासकट, गादीपर्यंत. नवसाबाई लक्ष देऊन ऐकत होती. हसली नाही.

"मंग खोली भेटली का तुमाला?"

"नाही."

"मला बी नाय देत कुनी. बाई एकलीच हाय म्हनत्यात." तिने पिशवी उचलली. "चला, गाडी निघंल माजी."

निकाल उन्हाळ्यात लागला. पुराव्याअभावी निर्दोष. जुलेखाच्या साक्षीबद्दल एवढंच लिहिलं होतं, की तिला दुजोरा मिळत नाही. अपिलाचं बघू, असं सरकारी वकील म्हणाले आणि दुसऱ्या केसची फाईल उघडली. नवसाबाई खोली सोडून भावाकडे दिंडोरीला गेली. तिथे द्राक्षबागेत कामाला जाते.

जुलेखा आता घरी बसून जाहिरातींचं भाषांतर करते. साबण, विमा, गुडघ्यांचं तेल. उरलेल्या वेळात कारखान्यांतल्या अपघातांचे व्हिडिओ स्वतःच काढून टाकते. बघणारे थोडे आहेत. त्यातले निम्मे शिव्या द्यायला येतात. स्टेजवर ती पुन्हा गेली नाही. सुयशने दोनदा बोलावलं. मग त्याने विचारायचं सोडलं.

मागच्या महिन्यात दुपारी एका अनोळखी बाईचा फोन आला. "तुम्ही त्या टाकीचं सांगनाऱ्या ताई ना? माजा नवरा कंपनीतून आला नाय. कुनी काय सांगंना." जुलेखाने कंपनीचं नाव विचारलं, चप्पल घातली. आई दारात आडवी आली. "फिर से?" म्हणाली. अब्बा पलंगावर उठून बसले.

ती पोचली तेव्हा गेट बंद होतं. बाहेर ती बाई उन्हात उभी होती, कडेवर मूल. वॉचमन म्हणाला, साहेब नाहीत, आत कुणालाही सोडायचं नाही. जुलेखाने फोनचा कॅमेरा सुरू केला, गेटच्या गजांतून आत धरला आणि त्या बाईला म्हणाली, "तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहा. जायचं नाही."