रुखमिणीचा हात आणि मोहाचं तेल

एकोडीत धानकापणी उरकत आली की बायांच्या टाचा उलतात, बोटांना चिरा पडतात आणि सगळ्यांना मधुकररावांची आठवण येते. कोणी दारात गेलं तर ते तेलाची बाटली आजही देतात. पण आधी दोन प्रश्न विचारतात: अंगावर कुठं चट्टा आहे का, आणि तिथं बोट लावलेलं समजतं का? बायकोची, रुखमिणीची, दोन बोटं कायमची वाकली तेव्हा त्यांना हे प्रश्न सुचले. उशिरा सुचले, हे ते स्वतःच सांगतात.

तेलाच्या बाबतीत माणूस भारी हट्टी. उन्हाळा सरता सरता मोहाच्या बिया गोळा करायच्या, तेलघाणीवर नेऊन तेल काढायचं, डब्यात भरून ठेवायचं. थंडीत ते तुपासारखं थिजतं, आणि वास असा की पाहुणा नाक दाबतो. पण भेगांवर त्याला तोड नाही, असं ते छाती ठोकून सांगत. मुलगा भुपेंद्र नागपूरहून क्रीमची ट्यूब घेऊन आला, तर "हे अत्तर तुह्या बायकोले दे," म्हणून परत केली. शेजारच्या रंभाबाई चिडवायच्या, "मधुकररावाले ताप आला तं पायाले तेल लावते." ते हसायचे. आतून आवडायचंच त्यांना.

तीन हिवाळ्यांमागे रुखमिणीच्या उजव्या हाताला, कोपराखाली, एक फिकट चट्टा दिसला. नाण्याएवढा, कोरडा. "थंडीचा आहे," मधुकररावांनी उभ्या उभ्या निकाल देऊन टाकला. मग दिवस मावळताना वावरातून आले की ते शेगडीवर वाटी ठेवत, तेल पातळ करत आणि स्वतः तिच्या हाताला चोळत. ज्या माणसानं जन्मात बायकोला पाण्याचा गिलास उचलून दिला नव्हता, तो अर्धा अर्धा तास चोळत बसायचा. चट्टा मऊ झाला, चकाकायला लागला. गेला मात्र नाही. कधी तेल जास्त तापायचं, यांच्या बोटांना चटका बसायचा, आणि रुखमिणी हूं की चूं करत नसे. यांना वाटायचं, कष्टाचं कातडं आहे, सोसते बिचारी. आता काय म्हणावं या माणसाला!

त्याच थंडीत गावची आशा सेविका रिता घरोघरी तपासणी करत आली.

"काकाजी, काकूले जरा बाहेर बोलवा ना."

"कायले?"

"हात-पाठ पाहाची आहे. कुष्ठरोगाची तपासनी आहे."

गावात त्याला महारोग म्हणतात. आपल्या दारात हे नाव निघालं म्हटल्यावर मधुकररावांचं डोकंच फिरलं. "आमच्या घरी कोनाले काई नाई. थंडीनं चामडी उलली, तं मी तेल लावून राहिलो. लिही तुह्या कागदावर, काई नाई म्हनून." रुखमिणी दाराआड उभी राहून ऐकत होती. रितानं तसं लिहिलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली आणि पुन्हा तेच लिहून गेली.

तिसऱ्या हिवाळ्यात रुखमिणी तांदूळ पाखडायला बसली आणि सूप हातातून निसटलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळली होती, काही केल्या सरळ होईनात. आठ दिवस मधुकररावांनी दुप्पट तेल जिरवलं. नवव्या दिवशी ते मुकाट्यानं रुखमिणीला घेऊन रिताच्या घरी गेले.

रितानं तिला डोळे मिटायला सांगितलं. "काकू, मी पेन टेकवतो. जिथं लागंल तिथं बोट ठेवजा." चट्ट्यावर तिनं पेन एकदा टेकवलं, दोनदा टेकवलं, तिसऱ्यांदा दाबलं. मधुकरराव समोरच बसले होते.

"लाव ना वो पेन," रुखमिणी म्हणाली.

साकोलीच्या डॉक्टरीणबाईंनी वर्षभराच्या गोळ्या दिल्या. रोग जाईल म्हणाल्या, गोळ्या सुरू झाल्या की कोणाला लागणारही नाही. बोटांचं मात्र कठीण आहे. पहिल्या वर्षी आला असतात तर गोळ्यांवरच निभावलं असतं. तेलाला त्यांनी नावं ठेवली नाहीत. रोज हात साध्या पाण्यात भिजवा, ओला असतानाच तेल लावा, पण गरम नको, आणि फोड-जखम डोळ्यांनी पाहत चला, कारण तिला समजणार नाही, एवढंच सांगितलं.

येताना बसमध्ये मधुकरराव गोळ्यांची पिशवी मांडीवर धरून बसले. तपासणीला दोन मिनिटं लागली असती. आपल्या नाकापायी आपण हिचा हात घालवला, हे त्यांना इतकं लख्ख कळलं की त्यांना बायकोकडे पाहवेना.

आता पौष सुरू आहे. संध्याकाळी ते घमेल्यात पाणी घेतात, तिचा हात त्यात ठेवतात आणि समोर बसतात. परवा त्यांच्यानं राहवलं नाही.

"अवो, तुले चटका समजत नव्हता, तं तू बोलली काहून नाही?"

रुखमिणी पाण्याकडे पाहतच म्हणाली, "पहिल्याच वर्षी समजलं होतं मले. तुमी चोळत होते ना, तवा तिथं काईच लागत नव्हतं."

"मंग?"

"सांगतलं असतं तं तुमी चोळनं बंद केलं असतं. जलमभर तुमी वावरात, नाई तं पारावर. हे तेल निंगालं तवापासून माह्याजवळ बसाले लागले."

मधुकररावांनी तिचा हात पाण्यातून काढला, पंच्यानं टिपला, बोटांपासून कोपरापर्यंत तेल लावलं. मग तिथंच न थांबता त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला.

"इथं समजते का?"

"हाव," ती म्हणाली. "इथं समजते. इथं तुमी कधी हात ठेवलाच नाही."