सोमवारचं मौन आणि हनुवटीचे केस

हसायचं असेल तर पदर तोंडाला लावून हसा, पण माझी फजिती पूर्ण ऐकून घ्या.

सात वर्षांपूर्वी आमच्या मालकांना रानात साप चावला. परभणीच्या दवाखान्यात ते आत पडलेले आणि मी बाहेर बाकड्यावर. तिथंच महादेवाला बोलले, "यांना चालत घरी येऊ दे. जन्मभर श्रावणातल्या सोमवारी दिवस मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही." आठव्या दिवशी मालक चालत घरी आले. तेव्हापासून श्रावणी सोमवार म्हणजे मौन. एकदासुद्धा मोडलं नाही. मागच्या श्रावणापर्यंत!

आता जे सांगते ते सांगायला अजून जीभ अडखळते. माझ्या हनुवटीवर केस आलेत. आधी दोन-चार होते. चिमट्यानं उपटले की ते जाताना भावकीला निरोप देऊन जायचे, कारण परत येताना आठ यायचे! तरी मी कुणाला कळू दिलं नाही. पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची. गावाला वाटायचं, काय मर्यादशील बाई!

एक दिवस नातीनं गालाला गाल लावला आणि मागं सरकली. "आज्जी, तू बाबासारखी टोचतीस." तीन वर्षांचं लेकरू, ते कशाला खोटं बोलेल? पण पुढं ती पापी द्यायलाच तयार होईना. नुसते हात हलवून टाटा करायची. माझ्या काळजाला ते केसांपेक्षा जास्त टोचलं.

त्यातच सूनबाईच्या मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. एक बाई काळा चष्मा लावून पडलेली, तिच्या गालावर उजेड चमकतोय आणि म्हणे केस जातात.

"अगं, उजेडानं केस कसा जाईल?" मी विचारलं.

"लेझर असतंय ते, आई."

झालं! मला कोडंच पडलं. भाकरी थापताना तेच, आरती करताना तेच. उजेडानं केस जात असते, तर परभणीच्या उन्हात तीस वर्षं कापूस वेचलेल्या बाईच्या अंगावर एक तरी केस राहिला असता का? हा उजेड वेगळा असणार. बघायलाच पाहिजे!

पण जायचं कसं? घरात विचारणार, "कुठं निघालीस?" खोटं बोलणं माझ्यानं होत नाही. मग मला माझी मीच शाबासकी द्यावी अशी युक्ती सुचली. सोमवारी जायचं! सोमवारी मला कुणी काही विचारतच नाही, उत्तर मिळणार नाही हे घरादाराला ठाऊक. महादेवाला बेल वाहिला, पिशवी उचलली आणि पेडगावच्या फाट्यावरून परभणीच्या जीपमध्ये बसले.

परभणीत लेझरवाल्या एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्यासाठी चिठ्ठी घरूनच लिहून नेली होती. पण हनुवटी आणि केस हे शब्द कागदावर लिहायला हात धजेना. चिठ्ठी कुणाच्या हाती लागली तर? म्हणून मोघम लिहिलं: "नको झालेलं काढून टाकायचं आहे. फार दिवस सोसलं. घरी कळू देऊ नका. आज माझं मौन आहे."

दवाखान्याच्या पाटीवर लेझरनं काढायच्या तीन गोष्टी लिहिलेल्या: नको असलेले केस, डाग, गोंदण. मी काही गोंदणाकडं लक्ष दिलं नाही. द्यायला पाहिजे होतं!

कारण माझ्या उजव्या हातावर मनगटाच्या वर मालकांचं नाव गोंदलेलं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत गोंदून घेतलं, चांगलं ठसठशीत: मुंजाजी. त्याच हातानं मी पदर तोंडावर धरून डॉक्टरबाईंसमोर बसले. आता तुम्हीच सांगा, त्यांना काय दिसलं असेल? हनुवटी पदराआड आणि मालक समोर!

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. माझ्या लेकीच्या वयाची पोर. माझ्या हाताकडं बघून हळूच म्हणाली, "मावशी, नीट विचार केलाय ना?"

मी मान हलवली.

"मालक त्रास देतात का?"

मी जोरात नकार दिला. हनुवटीच्या केसांवरून मालक कशाला त्रास देतील?

"सगळ्या असंच म्हणतात," ती उसासा टाकून म्हणाली. "एकदा गेलं की परत यायचं नाही, बरं का."

परत यायचं नाही! मी तर आनंदानं हातच जोडले. पुढं केलेल्या कागदावर सही पण ठोकली, न वाचता.

मग तिच्या हाताखालच्या मुलीनं माझ्या हाताला गारगार मलम लावलं. मला वाटलं, शितावरून भाताची परीक्षा असते, तसं आधी हातावर करून बघत असतील. किती काळजीची माणसं! डोळ्यांवर काळी झापडं चढवली. बैलाला घाण्याला जुंपताना बांधतात तशी. काही म्हणता काही दिसेना. यंत्र घुंई करायला लागलं. माझी उत्सुकता अशी की देवाचं नाव सोडून त्या आवाजाकडंच कान.

आणि डॉक्टरबाई म्हणाली, "अख्खं नाव आज नको. आधी शेवटचं 'जी' काढून बघू."

नाव? कुणाचं नाव?

अगं माय माय माय! तेव्हा उजेड पडला माझ्या डोक्यात!

डावा हात हलवला, तर त्या मुलीनं तो धरून ठेवला. "घाबरू नका मावशी, मुंगी चावल्यागत होतंय."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? बोलावं, तर मालकांच्या जिवासाठी धरलेलं मौन मोडतं. गप्प बसावं, तर मालकच पुसले जातात! तेपण अर्धे. 'जी' गेलं की हातावर राहणार नुसता मुंजा, पिंपळावरचा!

"ओ बाई!" मी ओरडले. "मुंजाजीला हात लावू नका! माझे मालक हायेत ते! केस काढा माझे, केस! हनुवटीचे!"

तीस वर्षांत उखाण्याशिवाय मालकांचं नाव घेतलं नव्हतं. घेतलं ते असं, की बाहेर बाकड्यावर बसलेल्या बाया उठून दारात आल्या. ज्यांच्यापासून केस लपवायचे होते, त्या अख्ख्या जगाला मी ओरडून पत्ता सांगितला!

डॉक्टरबाई आधी घाबरली आणि मग हसून हसून स्टुलावर बसली. डोळे पुसत तिनं माझा पदर बाजूला केला आणि दिवा जवळ घेतला.

"मावशी, हे तर सगळे पांढरे झालेत."

"मग?"

"हा उजेड केसातला काळा रंग धरतो. तो तापला की मूळ जळतं. पांढऱ्यात धरायला काहीच नसतं. तुम्हाला चिमटाच बरा."

म्हणजे बघा! मौन मोडलं, मालकांचं नाव चारचौघांत घेतलं, आणि केस? ते माझ्याबरोबर जीपमध्ये बसून परत पेडगावला आले.

पण हसू कुठलं येतंय! जीपमध्ये सारा वेळ महादेवाची माफी मागत बसले. मौन मोडलं, आता यांना काही झालं तर? दारातून आत आले, मालक ओट्यावर धडधाकट बसलेले बघितले आणि रडतच सगळं सांगून टाकलं.

मालक ऐकत राहिले. मग म्हणाले, "आगं येडे, सहा वर्षं माझ्यासाठी गप बसलीस, आज माझ्यासाठी वरडलीस. महादेवाला काय तेवढं कळत न्हाई व्हय?"

मी डोळे पुसले. ते जवळ आले, माझ्या हनुवटीकडं निरखून बघितलं आणि म्हणाले, "आन् केस कुठं हायेत? मला तर एक बी दिसंना."

मी विरघळलेच! पार विरघळले. मग आठवलं, मालकांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

त्या दिवसापासून मी नवं व्रत धरलंय. मौन आहेच, पण लाजेपायी मोघम बोलायचं नाही, मोघम लिहायचं नाही. पुढच्याच एकादशीला भजनी मंडळात उभी राहून सांगितलं, "बायांनो, माझ्या हनुवटीवर केस आहेत." मग बघते तर काय, एकेकीचा हात हळूच आपल्या हनुवटीकडं!

तुम्हीही हे व्रत धरा. फार सोपं आहे, उपास नाही, उद्यापन नाही. आत्तापासूनच सुरू करा. तो पदर जरा खाली घ्या बघू, आणि खरं सांगा, किती आहेत?