प्रवाळ, शिंपला आणि आईचं मनगट

आई अमेरिकेला आली ती माझ्या बाळंतपणासाठी. तिच्या बॅगेत डिंक, अळीव, वेखंड, जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे असं सगळं होतं, पण तिचा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत. नातवंडाला स्वतःच्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिने न्हाऊ घातलेलं होतं आणि त्याचा तिला भलता अभिमान होता. आल्या दिवसापासून ती आमच्या बाथटबकडे शत्रूकडे बघावं तशी बघत होती. त्यात पाट कुठे मावणार, हा तिचा मोठा प्रश्न होता.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. नवरा ॲन आर्बरला पीएच.डी. करत होता आणि आम्ही युनिव्हर्सिटीच्या फॅमिली हाउसिंगमध्ये राहायचो. पहिल्याच आठवड्यात आई कचरा टाकायला म्हणून साध्या चपला घालून बाहेर गेली, बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. बूट घाल म्हणून मी घसा कोरडा केला होता, पण तिने माझं कधी ऐकलं आहे? हॉस्पिटलात प्लॅस्टर घालेपर्यंत तिने हूं की चूं केलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र रडायला लागली. म्हणाली, "आता बाळाला आंघोळ कोण घालणार?"

डॉक्टर म्हणाले, या वयात हाडं विरळ होतात, भरपूर दूध प्या. आईला दुधाच्या वासानेही मळमळायचं. चहात पडेल तेवढंच दूध तिला मान्य होतं. मग तिने आपला कारभार सुरू केला. सकाळी तिळाची चटणी, दुपारी ताक, आणि बाळासाठी म्हणून आणलेलं नाचणीसत्त्व ती स्वतःच रोज वाटीभर खायला लागली. नवऱ्याने कॅल्शियमच्या गोळ्यांची मोठी बाटली आणली. त्याही ती निमूटपणे घ्यायची. प्लॅस्टर निघायची तारीख आणि माझी तारीख यांच्यात फार अंतर नव्हतं, त्यामुळे तिला घाई होती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक चिनी कुटुंब होतं. सून युनिव्हर्सिटीत संशोधन करायची आणि सासू नातवाला सांभाळायला आलेली. तिला आम्ही चिनी आजी म्हणायचो. आई आणि ती रोज जिन्यात भेटायच्या, आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींचं छान जमायचं. प्लॅस्टर बघून चिनी आजी हळहळली आणि चार दिवसांनी सुनेला घेऊन वर आली. शिकागोच्या चायनाटाउनमधून तिने कागदाच्या पुड्या मागवल्या होत्या. एकीत कसलीतरी साल होती. मोडली की आतून रेशमासारखे पांढरे धागे निघायचे, तुटता तुटायचे नाहीत. आजीने ती साल मोडून दाखवली, धागे ताणले आणि आईच्या प्लॅस्टरवर बोट ठेवलं. आईला ते लगेच पटलं. सोबत काळे तीळ होते, अक्रोड होते, मुळ्या होत्या. आणि पुडीच्या तळाशी काहीतरी पांढरं, चुऱ्यासारखं होतं.

ते काय, असं मी विचारलं. सून म्हणाली, "ऑयस्टर शेल. गुड फॉर बोन्स."

ऑयस्टर शेल म्हणजे शिंपला, असं आईला सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. तिने जन्मात अंड्यालासुद्धा हात लावला नव्हता. चिनी आजीला वाईट वाटू नये म्हणून ती हसत राहिली, आणि त्या दोघी गेल्यावर पुडी फ्रीजच्या वर अगदी मागे सरकवून ठेवली. आमच्या घरात मात्र नवरा नावाचा एक अतिशय कसून वाचणारा माणूस आहे. तो उठला, गोळ्यांची बाटली घेऊन आला आणि मागचं वाचून गंभीरपणे म्हणाला, "आई, या गोळ्याही शिंपल्याच्याच आहेत."

आई सुन्न झाली. तिची कीव आली, पण मला गप्प बसवेना. आल्यापासून ती रोज सकाळी वैद्यांनी दिलेली प्रवाळपिष्टी, म्हणजे समुद्रातल्या पोवळ्याची पूड, मधात कालवून मला चाटवत होती. मी विचारलं, "आणि तुझं प्रवाळ कुठल्या झाडाला लागतं गं?"

ते औषध आहे, असं ती तावातावाने म्हणाली. मग थांबली, आणि हसायला लागली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुडी खाली उतरली. मी काढा स्टीलच्या पातेल्यात ठेवला तर चिनी आजीने धावत येऊन तो उतरवला, धातूत औषध उकळायचं नाही असं खुणेने सांगितलं आणि स्वतःचं मातीचं भांडं दिलं. सगळ्या जिन्यात दशमूळ काढ्यासारखा वास सुटला.

प्लॅस्टर निघालं. हाड उत्तम जुळलं होतं. चिनी आजीला वाटलं सालीमुळे, नवऱ्याला गोळ्यांमुळे, आईला तिळामुळे. हाडं बहुतेक वेळा आपली आपणच जुळतात, असं डॉक्टर म्हणाले. ते घरात कुणालाच आवडलं नाही.

मग मुलगी झाली. पहिल्या आंघोळीला आई टबात पाट टाकून, पदर खोचून बसली. तेल लावून बाळाला पायांवर घेतलं. मान धरायची वेळ आली तेव्हा तिचा उजवा हात थरथरायला लागला. हाड जुळलं होतं, पण पकड आली नव्हती. तिने डाव्या हाताने बाळाला सावरलं आणि माझ्याकडे दिलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "तू बस. पाय लांब कर."

त्यानंतर रोज मी न्हाऊ घालायची आणि ती शेजारी बसून टोकायची. बटाटे धुतेस का, पाणी तोंडावर नको, कान झाक. मला ते दिवस फार आवडले. एकदा तिच्या हाताला मालिश करताना मी म्हटलं, तुझी हौस राहिलीच. ती म्हणाली, "हात धड असता तर मी तुला जवळही फिरकू दिलं नसतं. आणि मी गेल्यावर काय केलं असतंस?"

ती परत जायच्या दिवशी सकाळी मी पाट मांडला आणि तिलाच बसवलं. हात आता चांगला चालत होता. तिने एका हाताने बाळाची मान धरली, दुसऱ्याने पाठ चोळली, आणि बाळ झोपेला आलं तरी ती उठेना. नवरा गाडीच्या किल्ल्या घेऊन दारात उभा होता. पाणी गार व्हायला लागलं तशी मी आणखी एक बादली गरम भरली.