पाल्याखालचं बेणं

हळद शिजल्याचा वास आला की कडुलिंबाखाली पाल्यानं झाकलेला तो ढीग आठवतो. आजीनं पुढच्या लागवडीसाठी एकेक गड्डा निवडून ठेवलेलं बेणं होतं ते. कॉलेजातून सुट्टीला आलेल्या मी घाईघाईत तेही कढईत टाकायला लावलं. तिनं गरम गड्डा बोटांनी दाबून पाहिला. "शिजलेलं उगवत न्हाई, लेकरा," एवढंच म्हणाली. आजोबा वारल्यावर तिच्या ज्या सख्ख्या भावांनी तिला दारातून परत पाठवलं, ज्यांच्या घरचं पाणीही ती पीत नव्हती, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी ती बेणं मागायला गेली. संध्याकाळच्या एसटीनं परतली, डोक्यावर पोतं. "नीट बोलले का?" मी विचारलं. "च्या बी घेतला त्यांच्या घरी," ती म्हणाली. आमच्या वावरात आजही तेच बेणं आहे. ते पोतं तिच्या डोक्यावरून उतरवून घ्यायलासुद्धा मी पुढं झालो नव्हतो.