प्रेसखालचा भोपळा

भोपळा फुटल्याचा आवाज कवटी फुटल्यासारखा येतो, असं आमचा प्रेस चालवणारा म्हणाला. कवटी फुटताना त्याने कधी ऐकली, हे मी विचारलं नाही. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आधीच्या कारखान्यात गेली आहेत.

इकडे उत्तरेत, बिजौलीत माझा पत्रे दाबायचा कारखाना आहे. चार हायड्रॉलिक प्रेस, चारही मी भंगारवाल्यांशी गळा सुकेपर्यंत भांडून मिळवलेले. प्रेस खाली येतो, हाताच्या वर थांबतो, माणूस पत्रा सरळ करतो, हात काढून बटणं दाबतो, मग शेवटचा मार बसतो. तो मधला थांबा कॉम्प्युटर ठरवतो. थांबा चुकला की हात गेला.

हा प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनियर वर्षभर माझ्या घरी जेवला आणि एक दिवस सगळं पुसून शेजारच्या कारखान्यात गेला. मी तिथे जाऊन त्याची कॉलर धरली, डोकं गेटवर आपटलं. दोन वॉचमननी मला उचलून रस्त्यावर टाकलं. ओठाचं रक्त पुसत इंजिनियर म्हणाला, "सर, अब डी सीख लीजिए. वो गाली से नहीं चलती."

ते वाक्य अजून छातीत रुतलेलं आहे. प्रेसशी बोलणारा जुना भाग डी नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होता, तेवढाच वाचला होता. म्हणून उरलेलं डीमध्येच लिहायला बसलो. क्लास, म्हणजे वस्तूचा साचा, लिहिला, पण 'न्यू' म्हणून वस्तू बनवायचं राहिलं. प्रोग्रॅम जागीच मेला. मी कीबोर्ड टेबलावर आपटला, चार बटणं उडाली. नवा कीबोर्ड आणला, पुन्हा बसलो.

शेवटी प्रोग्रॅम चालला. प्रेस चालवणाऱ्याने हात मागे बांधले. "हम हाथ नईं डालहैं, भैयाजी. पहले कद्दू डालो."

भोपळा ठेवला. प्रेस खाली आला आणि थांबलाच नाही. बिया माझ्या तोंडावर. दुसरा ठेवला, तोही गेला. मी प्रेसला लाथ घातली, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं.

"अहो, घरात भाजीला फोड नाही," बायको म्हणाली, "आणि तुम्ही तिकडे रोज बळी देताय!"

चारही प्रेसची थांबायची उंची मी एका लूपमध्ये, म्हणजे तेच काम चारदा करणाऱ्या फेऱ्यात, भरली होती. लूपच्या आत छापून पाहिली, बरोबर. लूप संपल्यावर छापली तर चारही जागी 'नॅन'. शोधून वाचलं: डीमध्ये दशांश संख्येला किंमत दिली नाही तर ती 'नॅन' असते, म्हणजे संख्याच नाही. तिच्याशी लहानमोठेपणाची तुलना केली की उत्तर कायम 'नाही'. प्रेस थांब्याच्या खाली गेला का? नाही. अजून? नाही. म्हणून तो सरळ खाली. पण किंमत तर मी दिली होती! लूपच्या आत डोळ्यांनी पाहिली होती!

भोपळे संपले म्हणून दतिया गेटच्या भाजीबाजारात गेलो. एक भोपळा हातात धरून भाजीवालीशी घासाघीस करून भाव पाडला. ती कबूल झाली. मग ढिगातले तीन उचलले, तर त्यांना जुनाच भाव.

"अभी तो कम किया था!" मी ओरडलो.

"वो जो हाथ में है उसका किया, भैया. ढेर की बात कब हुई?"

मी तराजू उलथवला. ती काठी घेऊन उठली, एक पाठीवर बसलीच. हातातला भोपळा घेऊन पळता पळता मला कळलं, लूपमध्येही मी हेच केलंय. लूप मला प्रत्येक प्रेसच्या उंचीच्या रकान्याची नक्कल हातात देत होता. मी नकलेवर उंची लिहीत होतो, ढीग तसाच. मूळ वस्तू हवी तर लूपमध्ये 'रेफ' लिहावं लागतं. एक शब्द.

परत जाऊन लिहिला. भोपळा ठेवला. प्रेस आला आणि वीतभर वर थांबला.

"हो गया," मी म्हणालो. "चल, लाग कामाला."

"पहले आप डालो."

मी हात घातला. प्रेस थांबला.

"चारों में, भैयाजी."

"प्रोग्रॅम एकच आहे ना रे! एक देखा, सब देखा."

त्याने तीन बोटांचा पंजा माझ्या तोंडासमोर धरला. "हाथ भी एकई है."

आयुष्यात एवढी घासाघीस केली, पण यात कमी करायला जागा नव्हती. दुसऱ्याखाली घातला, तिसऱ्याखाली घातला. चौथा सर्वांत जुना. तो धडधडत आला आणि थांबला तेव्हा तेलाचा गरम थेंब माझ्या मनगटावर पडला. मी किंचाळलो. प्रेस चालवणारा हसला, त्याने मला खांद्याने बाजूला सारलं आणि पत्रा उचलला.

बाहेर येऊन मी शेजारच्या गेटकडे बघून मनसोक्त शिवी दिली. मग न फुटलेला भोपळा काखेत मारून घरी गेलो.

"हा कसा वाचला?" बायकोने विचारलं.

मी विळी ओढली.