आडनाव हाकारे

जनीकाकूमुळे मला माझ्या आडनावाचा अर्थ कळला. पेणच्या खारेपाटात, खाडीकाठच्या भातशेतीच्या पट्ट्यात, ती आमची शेजारीण. मी इथे गुजरातेत बंदरावर कामाला आहे. ओहोटीला चिखलाचा वास आला, की तीच आठवते.

आठवीतून शाळा सुटली त्या वर्षी, उधाणाच्या दिवशी आम्ही दोघं खाडीच्या बांधावर होतो. बांध फुटून खारं पाणी भातात शिरू लागलं. वर्षाचं पीक जाणार होतं. काकू भोकात चिखल कोंबू लागली. मी घाबरून नुसता उभा.

"हाकारे ना रं तू? मंग मूग गिळून काय उभा? तुझा पणजा असाच हाक मारून गाव गोला करायचा, म्हणून तर तुमचं नाव हाकारे! मार हाक!"

मी ओरडलो. माणसं फावडी घेऊन धावत आली, भात वाचलं. काकू हसली, "आवाज कोंबड्याचा हाय, पण गाव आला ना!"

तेव्हा लाजच वाटली होती. आता परक्या मुलखात धीर सुटला, की वाटतं, हाक मारली तर कुणीतरी येतंच.

दर उन्हाळ्यात गावातलं प्रत्येक घर आपल्या वाटणीच्या बांधाला माती घालतं, पण काकूचे गुडघे आता चालत नाहीत. एखाद्या उन्हाळ्यात सुट्टी काढून तिच्या वाटणीच्या बांधाला मीच माती घालणार आहे.